पोट लहान करण्याच्या ऑपरेशनची सत्तर वर्षं



आषाढाच्या थोडं आधीची गोष्ट. आमच्या गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला. अर्ज येतात ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पोरांच्या फीसाठी. या अर्जात कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वजन कमी करायचं ऑपरेशन’. रक्कम तीन लाख. आधी कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळ्या एकदम गप्प झाल्या, कारण ताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

ताईंचं नाव सांगणार नाही. गोष्ट सांगायला मात्र त्यांनीच होकार दिलाय. वय ४१, उंची पाच फूट एक इंच, वजन १०८ किलो. शुगर आहे, बीपी आहे, गुडघे दुखतात, रात्री झोपेत श्वास अडकतो. त्यांच्या हातात एक रंगीत पत्रक होतं. एकाच बाईचे दोन फोटो, एक आधीचा आणि एक नंतरचा, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘वर्षभरात अर्धं वजन’. ताईंनी हिशोब केला होता. १०८ चे अर्धे ५४. “लग्नात मी पन्नास किलो होते,” त्या म्हणाल्या. “परत तशी होईन. पालखीबरोबर तरडगावपासून फलटणपर्यंत चालत येईन.”

एक वहिनी म्हणाल्या, “तोंडाला कुलूप लाव, फुकटात होईल.” मला त्या बोलण्याचा राग आला, पण उत्तर देण्याएवढी माहिती माझ्यापाशीही नव्हती. शेवटी ठरलं की महिनाभर अर्ज थांबवायचा आणि तोवर मी माहिती काढायची. “तू बीए झालीस, तूच बघ,” असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. माझं बीए इतिहासातलं. मग मी इतिहासापासूनच सुरुवात केली. हे ऑपरेशन पहिल्यांदा कोणी केलं आणि ते करून घेतलेल्या माणसांचं दहा-वीस वर्षांनी काय झालं, हे शोधायला बसले. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

हे ऑपरेशन नवीन नाही. १९५४ साली अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात क्रेमन नावाचे सर्जन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची पहिली माहिती छापली. कल्पना साधी होती. आपलं लहान आतडं वीसएक फूट लांब असतं आणि अन्नाचा रस अंगात शोषला जातो तो तिथे. ते आतडं मधून तोडायचं, सुरुवातीचा थोडा भाग शेवटच्या थोड्या भागाला जोडायचा आणि मधलं सगळं बाजूला ठेवायचं. पुढच्या वर्षांत हे ऑपरेशन ज्या पद्धतीने सर्रास झालं, तिच्यात वीस फुटांतलं दीड फूट आतडंच कामाला उरायचं. माणूस पोटभर जेवला तरी अंगी लागायचं नाही. म्हणजे पाटाला पाणी सोडलं, पण ते शेतात जायच्या आधीच ओढ्याला काढून दिलं.

वजन झरझर उतरलं. डॉक्टर खूश, पेशंट खूश. अमेरिकेत हजारो माणसांनी ते करून घेतलं. मग वर्षं गेली तसा त्याचा त्रास दिसायला लागला. दिवसातून कितीतरी वेळा जुलाब, अंगातली जीवनसत्त्वं संपलेली, मुतखडे, सांधेदुखी, आणि काहींचं लिव्हरच निकामी. बऱ्याच लोकांचं आतडं परत पहिल्यासारखं जोडावं लागलं. १९८० च्या सुमारास डॉक्टरांनी ते ऑपरेशन सोडूनच दिलं. पहिल्या वर्षी कोणी फोटो काढले असते तर तेही पत्रकावर शोभून दिसले असते.

दुसरा रस्ता सापडला तो वेगळ्याच दुखण्यातून. आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे सर्जन होते. त्या काळी पोटातल्या अल्सरसाठी जठराचा बराचसा भाग कापून टाकत. अशा ऑपरेशननंतर बायकांचं वजन उतरतं आणि मग लवकर वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९६६ साली त्यांनी चिकाशी इतो यांच्याबरोबर पहिला जठराचा बायपास केला. (हृदयाचा बायपास वेगळा, हा पोटाचा. आमच्याकडे एका काकूंचा यात घोटाळा झाला होता म्हणून सांगितलं.) यात जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करायची आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. खाणंही कमी जातं आणि खाल्लेलं थोडा रस्ता चुकवून पुढे जातं.

मेसन यांचं एक मला फार आवडलं. ऑपरेशन करून मोकळं व्हायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. पेशंटची नोंद ठेवा, वर्षानुवर्षं ठेवा, म्हणून ते मागे लागायचे. १९८६ साली त्यांनी अशा ऑपरेशनांची देशभराची नोंदवहीच सुरू केली. आपण गटात जसं नुसतं कर्जवाटप लिहीत नाही, परतफेडही लिहितो, तसं. वाटपाच्या दिवशी तर सगळेच गट चांगले दिसतात. मेसन शंभर वर्षं जगले, २०२० साली गेले.

पण खरा आकडा मिळाला तो स्वीडनमध्ये. इथे मी जरा थांबून सांगणार आहे, आकडे कंटाळवाणे वाटले तरी ऐका, कारण ताईंचे तीन लाख या आकड्यांवर ठरायचे होते.

१९८७ पासून स्वीडनमध्ये फार वजन असलेल्या माणसांचे दोन गट केले गेले. २,०१० जणांनी ऑपरेशन करून घेतलं. २,०३७ जणांनी केलं नाही, त्यांना नेहमीचा सल्ला आणि औषधपाणी. मग दोन्ही गटांचं वजन मोजत राहिले, एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, पंधरा-वीस वर्षं. ऑपरेशन न केलेल्यांचं वजन जवळपास तिथल्या तिथे राहिलं, दोन-तीन टक्के इकडे किंवा तिकडे. ऑपरेशन केलेल्यांचं सगळ्यात जास्त उतरलं ते पहिल्या एक-दोन वर्षांत. ज्यांचा जठराचा बायपास झाला होता त्यांचं मूळ वजनाच्या ३२ टक्के उतरलं. नंतर थोडं परत चढलं. दहा वर्षांनी मोजलं तेव्हा २५ टक्के उतरलेलं होतं. ज्यांच्या जठराला नुसती पट्टी बसवली होती त्यांचं आधी २० टक्के आणि दहा वर्षांनी १४ टक्के.

आता हे ताईंना लावून बघू. १०८ किलोचे २५ ते ३० टक्के म्हणजे २७ ते ३२ किलो. म्हणजे ताईंचं वजन ७६ ते ८१ च्या आसपास येऊन थांबेल. ५४ नाही. पुस्तकातल्या कोष्टकाप्रमाणे ७८ किलोची पाच फूट एक इंचाची बाई अजूनही ‘लठ्ठ’ या रकान्यातच बसते.

हे मी पुढच्या बैठकीत सांगितलं तेव्हा ताईंचा चेहरा उतरला. “मग कशाला करायचं?” म्हणाल्या. प्रश्न बरोबर होता.

पत्रकातल्या आकड्यांची गंमतही तिथेच कळली. डॉक्टर लोक दोन तऱ्हांनी टक्के सांगतात. एक, एकूण वजनातले किती गेले. दुसरं, ‘जादा’ वजनातले किती गेले. ताईंच्या उंचीला ५५ किलो योग्य धरलं तर त्यांचं जादा वजन ५३ किलो. त्यातले ३० किलो गेले, तर कोणी म्हणेल ‘५७ टक्के वजन कमी’ आणि कोणी म्हणेल ‘२८ टक्के’. किलो तेच. ऐकणाऱ्याला मात्र पहिल्यात अर्ध्याहून जास्त बाई गेल्यासारखी वाटते. कुठल्याही डॉक्टरला विचाराल तेव्हा टक्के विचारू नका, किलो विचारा, आणि पाच वर्षांनंतरचे किलो विचारा.

‘मग कशाला करायचं’ याचं उत्तरही त्या स्वीडनच्या वहीतच आहे. २००७ साली त्यांनी दोन्ही गटांतले मृत्यू मोजून छापले. सरासरी जवळजवळ अकरा वर्षांत ऑपरेशन न केलेल्यांतले १२९ गेले, केलेल्यांतले १०१. शुगर असलेल्यांपैकी दोन वर्षांनी दर शंभरात ७२ जणांची शुगर आटोक्यात येऊन जणू नाहीशी झाली होती. दहा वर्षांनी मात्र असे ३६ च राहिले. म्हणजे निम्म्यांची शुगर परत आली. तरीही जी वर्षं शुगरशिवाय गेली ती डोळ्यांना, किडनीला आणि पायांना मिळालीच. ही स्वीडनची ऑपरेशनं बहुतेक जुन्या पद्धतीची होती, हेही सांगायला हवं. आजच्या पद्धती त्याहून बऱ्या आहेत, पण वजन आधी उतरतं, तळाला जातं आणि मग थोडं वर येतं, ही चाल तीच आहे.

आपल्याकडे आज सगळ्यात जास्त होतं ते ‘स्लीव्ह’. यात जठराचा मोठा भाग उभा कापून काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी शिल्लक ठेवतात. हे खरं तर अर्धंच ऑपरेशन होतं. २००० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये फार अवजड पेशंटना एका दमात मोठं ऑपरेशन झेपेना, म्हणून आधी हा भाग करायचा आणि वजन थोडं उतरल्यावर उरलेला, असं ठरवलं गेलं. काहींचं पहिल्या भागातच इतकं उतरलं की दुसऱ्याची गरजच पडली नाही. का, ते नंतर नीट कळलं. १९९९ साली जपानी संशोधकांना भूक लावणारं एक संप्रेरक सापडलं होतं, घ्रेलिन. ते मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं, तोच भाग यात काढून टाकतात. म्हणजे नुसती पिशवी लहान होते असं नाही, भूकच मंदावते. वहिनींच्या ‘तोंडाला कुलूप’ला माझं उत्तर इथे सापडलं. शंभरच्या पुढे गेलेलं वजन हा नुसत्या जिभेचा दोष नसतो. वजन उतरायला लागलं की शरीर भूक वाढवतं, खर्च कमी करतं आणि गेलेलं परत मिळवायला बघतं. ऑपरेशननंतरही काही वर्षांनी ते हाच खटाटोप करतं.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोचला तो माणसांच्या नावांनी. २०११ च्या सप्टेंबरात नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा ते त्यांच्या पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. पेपरात चित्रांसकट आलं आणि ‘बॅरिॲट्रिक’ हा जीभ अडखळवणारा शब्द पहिल्यांदा पारावर आला.

दुसरं नाव इमान अहमदचं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची ३६ वर्षांची बाई. वजन पाचशे किलोच्या घरात सांगितलं जायचं, घराबाहेर पडून पंचवीस वर्षं झाली होती. ११ फेब्रुवारी २०१७ ला तिला मालवाहू विमानातून मुंबईत आणलं, क्रेनने उचलून सैफी हॉस्पिटलमध्ये नेलं. ७ मार्चला स्लीव्हचं ऑपरेशन झालं. रोज टीव्हीवर किलो सांगत होते, आज एवढे उतरले, आज तेवढे. आम्हीही बघत होतो. मग वजन नक्की किती उतरलं आणि ती बरी होतेय की नाही, यावरून हॉस्पिटल आणि तिची बहीण यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबूधाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबरला ती तिथे गेली. हृदय आणि किडनीचे आजार झाले होते, असं तिथल्या हॉस्पिटलने सांगितलं. तिचं दुखणं फार मोठं होतं, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला होता. त्यामुळे तिच्यावरून ऑपरेशन चांगलं की वाईट हे ठरवता येत नाही. मला फक्त एवढं आठवतं की आम्ही सगळ्या किलो मोजत होतो, आणि ती कधी उठून बसेल हे तिच्या घरचे विचारत होते.

आता ऑपरेशन कोणाला करावं याचा इतिहास. त्याचं माप ‘बीएमआय’. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. ताईंचं येतं ४५. १९९१ साली अमेरिकेत ठरलं की ४० च्या वर, किंवा शुगर-बीपीसारखा आजार असेल तर ३५ च्या वर. पण आपली अंगं वेगळी आहेत, हे दाखवून देण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी, पण अंगातली चरबी त्या मानाने कमी नाही. बाळ बारीक दिसतं, पण आत चरबी असते. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र युडकिन यांनी स्वतःचाच शेजारी शेजारी उभा राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून आपल्याला शुगर कमी वजनावरच गाठते. २०२२ साली जगातल्या दोन मोठ्या सर्जन-संघटनांनी मर्यादा खाली आणल्या आणि आशियाई माणसांचा विचार २७.५ पासून करावा असं सांगितलं. विमा कंपन्यांच्या २०१९ च्या नियमांत मात्र मर्यादा ४० आणि ३५ अशाच होत्या. ताईंचा विमा नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. तुमचा असेल तर कागद नीट वाचा.

मी ताईंबरोबर पुण्याला गेले. पत्रकवाल्या ठिकाणी नाही, दुसरीकडे. डॉक्टर बाई होत्या, तासभर बोलल्या. पहिले पंधरा दिवस पातळ, मग मऊ, भाकरी-भाताचे चार घास दीड-दोन महिन्यांनी. वाटीभर खाल्लं की पोट भरणार. त्या वाटीत आधी डाळ, मटकी, अंडं, दही. जेवताना पाणी नाही. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, पुढे येतात. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबते, ती आपोआप आवळत नाही. लोह, कॅल्शियम, बी-१२, डी च्या गोळ्या जन्मभर. पित्ताशयात खडे होऊ शकतात. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणून खातो त्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, नाहीतर जखम होऊन रक्त जातं. ज्यांना मूल हवंय त्यांनी वर्ष-दीड वर्ष थांबायचं. वजन उतरलं की दिवस लवकर राहतात, म्हणून तेवढा काळ साधन वापरायचंच. अनुभवी हातातही हजारात एक-दोन माणसं दगावतात, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

ताईंनी विचारलं, “मग वजन परत का चढतं?” डॉक्टर म्हणाल्या, लहान पिशवीत भाकरी जात नाही, पण चहा, बिस्किट, शेव, उसाचा रस सहज जातो. आमच्याकडे दिवसात पाच चहा होतात. पाहुणा आला की सहावा.

परत येताना एसटीत ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “३० किलो म्हणजे सिमेंटच्या पोत्याला २० कमी.” डॉक्टरांनी त्यांना आणखी एक सांगितलं होतं. अंगावरचा एक किलो कमी झाला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो. ३० किलोचे किती, ते ताईंनी बोटांवर मोजलं. तरडगाव ते फलटण वीसएक किलोमीटर आहे.

तिसऱ्या बैठकीत अर्ज परत आला. या वेळी ताईंनी स्वतःच त्यात दोन ओळी वाढवल्या होत्या: दर तीन महिन्यांनी पुण्याची खेप आणि तपासण्या, आणि महिन्याच्या गोळ्या. हप्ता भरून हे परवडेल का, यावर तासभर चर्चा झाली. दोघी विरोधात होत्या, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. या रकमेत तीन जणींच्या म्हशी आल्या असत्या. शेवटी ताईंच्या जावेने निम्मा भार उचलायचं कबूल केलं आणि गटाने दीड लाख मंजूर केले. कर्जाच्या कारणाच्या रकान्यात मी ‘शुगर व गुडघे’ असं लिहिलं. ताईंनी पेन घेतलं आणि पुढे कंसात ‘वजन अंदाजे ८०’ असं आपल्या हाताने लिहून सही केली.

आता बाजारात वजनाची इंजेक्शनंही आलीत, त्याबद्दल बरेच फोन आले होते. ते पुढच्या वेळी.